सामूहिक भांडवल आणि स्थावर मालमत्तेचे स्वामित्व : गावदेवी ते परभणी

अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींनी आपली बचत एकत्र करून जमीन अथवा घर संपादन करण्याची प्रथा महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. या प्रथेचा इतिहास बहुधा सहकाराच्या यशोगाथेचा एक भाग म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्या प्रश्नाचा विचार केला आहे. पैसा अनेकांचा असताना मालकीचा कागद कोणाच्या नावे होता?

या संदर्भात पहिले उदाहरण मुंबईतील गावदेवीचे आहे. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्थेची स्थापना केली होती. १९०४ च्या कायद्याने केवळ पतपुरवठा करणाऱ्या संस्थांनाच मान्यता दिली होती; १९१२ च्या कायद्याने इतर प्रयोजनांसाठीही सहकारी संस्था स्थापणे शक्य झाले. त्याचा लाभ घेऊन २८ मार्च १९१५ रोजी सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविण्यात आली. इंग्लंडमधील ईलिंग येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या भाडेकरू-सहभागी संस्थेचा नमुना त्यामागे होता. सभासदाने भाग घ्यायचे आणि राहत्या जागेचे भाडे भरायचे. इमारतींचे स्वामित्व संस्थेकडे राहायचे. सभासद एकाच वेळी भाडेकरू आणि मालकाचा अंश असे. येथे घटनाक्रम महत्त्वाचा आहे. घराआधी नऊ वर्षे त्याच समाजात पतसंस्था चालली होती आणि कर्ज घेऊन फेडण्याची शिस्त तिने रुजविली होती.

परभणी जिल्ह्याचा मार्ग निराळा होता. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील सहकारी कायदा १३२३ फसलीचा, म्हणजे सुमारे १९१४ चा. त्याचा रोख प्रामुख्याने शेतकऱ्याच्या कर्जावर होता. त्यामुळे सहकार म्हणजे पीककर्ज, हाच अर्थ येथे प्रथम रूढ झाला असावा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. नियमित वेतन घेणाऱ्यांची संख्या वाढली, तशी भूखंडांची मागणीही वाढणे स्वाभाविक होते.

तथापि परभणीसह मराठवाड्यातील शहरांच्या कडेला संस्थेखेरीज दुसरी रीतही रुळली. चार-सहा परिचितांनी मिळून एखादा एकर घ्यायचा, चाळीस गुंठ्यांचे आपसांत वाटप करायचे आणि वाटपाचा कागद मुद्रांकावर लिहून ठेवायचा. सातबाऱ्यावर मात्र सर्वांची नावे सामाईक राहतात. हिस्सा अविभक्त असल्याने अमुक तुकडा आपला, असे कोणालाही अधिकृतपणे दाखविता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा निर्बंध वेगळाच होता. ही वस्ती इतकी वाढली की शासनाला २००१ मध्ये गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदतमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत न्यावी लागली. गुंठेवारीला बेकायदेशीर म्हणून झिडकारणे सोपे आहे. परंतु परवडणारा दुसरा मार्ग कोणता होता, याचे उत्तर टीकाकार सहसा देत नाहीत.

पीएसीएल प्रकरणात मालकीचा हा दुवा पूर्णच तुटला. जमिनीच्या नावाखाली या कंपनीने देशभरातील सुमारे ५ कोटी ८५ लाख ग्राहकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केल्याचे सेबीच्या २२ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात नमूद आहे. ही विनानोंदणी सामूहिक गुंतवणूक योजना ठरली. २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली जमिनी विकून परतावा देण्यासाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले. गावदेवीच्या सभासदाला आपले शेजारी आणि आपली इमारत ठाऊक होती. येथे गुंतवणूकदाराला बहुधा फक्त प्रतिनिधी ठाऊक होता.

मार्च २०२४ मध्ये सेबीने लघु व मध्यम स्थावर मालमत्ता न्यासांसाठी नियम केले. योजनेतील मालमत्ता ५० ते ५०० कोटींची, गुंतवणूकदार किमान दोनशे आणि प्रत्येकाची रक्कम किमान दहा लाख रुपये, अशा अटी त्यात घातल्या. मालमत्ता न्यासाकडे राहते आणि तिच्यावर नियामकाची देखरेख असते. मालकीच्या कागदाचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटतो. मात्र दरमहा हजार-दोन हजारांची भिशी लावणाऱ्या परभणीतील कुटुंबाला दहा लाखांचा हा उंबरठा ओलांडता येत नाही. त्याच्या आवाक्यात आजही सामाईक सातबाऱ्यावरचा गुंठाच येतो.