बुडबुडे तेच, बीड वेगळं

ऑगस्ट १८५६. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या सभेत हेन्री बेसेमरने सांगितलं, वितळलेल्या बिडातून हवेचे बुडबुडे सोडा, वेगळं इंधन लागणार नाही. दावा खरा होता. हवेतला ऑक्सिजन बिडातला कार्बन आणि सिलिकॉन जाळतो, आणि त्याच उष्णतेने धातू पातळ राहतो. कारखानदारांनी परवाने विकत घेतले. पण त्यांचा माल ठिसूळ निघाला. का?

बेसेमरने वापरलेलं बीड वेल्समधल्या ब्लेनाव्हनचं होतं, त्यात फॉस्फरस अगदी कमी. इतरांच्या बिडात तो भरपूर. बुडबुड्यांनी फॉस्फरसचं ऑक्साइड होतं, पण ते आम्लधर्मी. भट्टीचं अस्तरही सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मीच. मग त्याला धरून ठेवणार कोण? फॉस्फरस लोखंडातच राहायचा.

उत्तर मिळायला वीसेक वर्षं लागली. लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा नात्यातला भाऊ, रसायनतज्ज्ञ पर्सी गिलख्रिस्ट, यांनी अस्तर अल्कधर्मी केलं, वर चुना टाकला. फॉस्फरस धातुमळीत अडकला. १८७९ मध्ये मिडल्सब्रोला हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं.

म्हणून प्रबंधात पद्धत लिहिताना नमुना कुठून आणला हेही लिहा. बेसेमरची पद्धत चुकीची नव्हती. तिची एक अट त्याच्या बिडातच लपली होती.