ब्रेक पॅडची निवड : शर्यत आणि रस्ता यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
मोटारीच्या इतिहासात इंजिनाच्या शक्तीची जितकी चर्चा झाली, तितकी ती शक्ती आवरणाऱ्या ब्रेकची झाली नाही. प्रस्तुत लेखात ब्रेकमधील घर्षण-पदार्थाची वाटचाल पाहून, शर्यतीस योग्य असलेला पॅड रोजच्या रस्त्यावर का चालत नाही, याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक वाटचाल :
१८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत मोटार नेली. वाटेत झिजू लागलेल्या लाकडी ब्रेकवर त्यांनी चांभाराकडून चामडे बसवून घेतले. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी फेरोडो हा उद्योग सुरू केला. वेग वाढला, तसे उष्णतेने जळणारे पदार्थ अपुरे पडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते उष्णतेस टिकले. मात्र त्याच्या धुळीची किंमत कामगारांच्या फुफ्फुसांनी मोजली. ब्रिटनने १९९९ मध्ये, तर युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली.

१९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार सी-टाइपने जिंकली. बंदिस्त ड्रममध्ये साठणारी उष्णता उघड्या चकतीवरून हवेत निघून जाते, हे तिच्या यशाचे एक प्रमुख कारण होते. १९५५ च्या सित्रोएन डीएसने ही रचना सर्वसामान्य मोटारीत आणली.

निवड आणि बसवण :
चकती रस्त्यावर आली, तरी शर्यतीचा पॅड तेथे उपयोगी ठरत नाही. तो तापल्यावरच पुरेशी पकड घेतो; थंड असताना, सकाळच्या पहिल्याच वळणावर कमी पडू शकतो. उलट, रस्त्याचा पॅड थंडपणीही पकड घेतो, परंतु शर्यतीच्या उष्णतेत त्यातील राळेचे विघटन होऊन पकड सुटते.

नवा पॅड बसविल्यावर उत्पादकाच्या सूचनेनुसार, मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता वारंवार वेग कमी करावा. नंतर ब्रेक शक्यतो न दाबता गाडी चालवून तो थंड होऊ द्यावा. त्यामुळे पॅडच्या पदार्थाचा पातळ, समान थर चकतीवर बसतो. तापलेला ब्रेक दाबून धरून गाडी उभी केल्यास हा थर एकाच जागी साचतो व पुढे ब्रेक लावताना हादरे जाणवतात.

समारोप :
चामड्यापासून आजच्या पॅडपर्यंत प्रत्येक पदार्थ विशिष्ट तापमानाच्या गरजेतून घडला. म्हणून पॅडची निवड शर्यतीतील लौकिकावरून नव्हे, तर आपल्या वाहनाचा ब्रेक प्रत्यक्षात किती तापतो यावरून व्हावी. रस्त्यावर या निवडीशी वाहनचालकाबरोबरच पादचाऱ्याचाही जीव निगडित असतो.