हरलेल्यानं जायचं कुठे?

१९९६ साली बेळगाव लोकसभेच्या एका जागेसाठी ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून मराठी माणसांनी भराभर फॉर्म भरले होते. मी तेव्हा मच्छ्याला नवी सून होते. दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकतात, आणि त्या दिवसांत जेवताना दुसरा विषयच नसायचा. त्यातून माझा एक मावसभाऊ, माझ्या माहेरचा, त्यानंही पाचशे रुपये डिपॉझिट भरलं होतं. निवडून येण्याची आशा त्याला स्वतःला नव्हती, आम्हांला तर नव्हतीच.

आजेसासूबाईंनी एकदा सरळ विचारलं, "निवडून यायचं न्हाई, तर उभं कशाला ऱ्हायाचं?"

मामंजी म्हणाले, "हे मत मागायला उभे नाहीत आक्का. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं म्हणून उभे आहेत."

सासूबाईंचे भाऊ त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होते. त्यांचं घर पूर्ण कानडी. ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "म्हणून निवडणुकीची अशी चेष्टा लावायची काय?" त्यावर कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर ते आणि माझा मावसभाऊ एका लग्नात समोरासमोर आले, तर दोघांनी तोंडं फिरवली.

आमच्या भागातल्या जैन घरांची गंमत ज्यांना माहीत आहे, त्यांना यातली अडचण कळेल. कानडी आणि मराठी आमच्याकडे एकाच चुलीवर शिजतात. आजेसासूबाईंचा णमोकार झाला की त्या कानडीत बोलायला लागायच्या, सासूबाई मराठीत. हिशोब मराठीत व्हायचा, भांडण कानडीत. सीमेचा वाद बाकीच्यांच्या गावात असेल, आमच्या तर ताटापर्यंत आला होता.

त्या निवडणुकीचं मतदान ठरलेल्या दिवशी होऊच शकलं नाही. इतकी नावं एका मतपत्रिकेवर बसवायची कशी? शेवटी ते लांबणीवर टाकावं लागलं. पुढे मतदान झालं तेव्हा नावं शोधता शोधता डोळे दुखले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला. निवडणूक म्हणजे भांडण मिटवायचा उपाय असं आपण शाळेत शिकलो. मग निवडणुकीवरूनच भांडण झालं तर ते मिटवायचं कुणी?

हा प्रश्न फार जुना आहे. भगवान महावीरांचा जन्म ज्या वैशालीच्या परिसरातला मानतात, तिथं राजा नव्हता, गणराज्य होतं. त्याच प्रदेशात वाढलेल्या बौद्ध संघाच्या विनयपिटकात एक पद्धत सांगितली आहे. संघात एखादा वाद बोलून मिटत नसेल, तर शलाका वाटायच्या. शलाका म्हणजे लाकडाची काडी, आजच्या भाषेत मतपत्रिका. ज्या बाजूला जास्त शलाका, त्या बाजूचा निर्णय. मला विशेष वाटलं ते पुढचं. शलाका गोळा करणाऱ्या भिक्षूच्या अंगी पाच गोष्टी असाव्यात असं त्यात आहे. तो आपल्या आवडीनं वाहवत जाणारा नसावा, द्वेषानं नसावा, मोहानं नसावा, भीतीनं नसावा. आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही, हे त्याला समजत असावं. आपल्या प्रवचनांत राग, द्वेष, मोह हे शब्द आपण आत्म्याच्या संदर्भात ऐकतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी ते मत मोजणाऱ्याच्या निवडीलाही लावले होते. कोण जिंकेल याच्या आधी कोण मोजेल हे त्यांनी ठरवलं.

आपल्या देशानं हेच काम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं केलं. निवडणूक चालू असताना कोर्टानं मध्ये पडायचं नाही, हे घटनेच्या ३२९ व्या कलमात आहे. निकाल लागला की मग ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका करायची. सुरुवातीला हे खटले खास न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीनंतर ते हायकोर्टाकडे आले. याचिका हरलेल्या उमेदवारानंच करावी असंही नाही. त्या मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. म्हणजे तुम्ही, मी, कुणीही. फक्त यादीत नाव पाहिजे.

आणि इथंच पहिल्या निवडणुकीची एक गोष्ट आपण बायकांनी विसरू नये. त्या वेळी मतदारयाद्या करणाऱ्यांना असंख्य बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे जसं शिकवलं होतं, तसंच स्वतःचं नाव परक्यापुढे घ्यायचं नाही हेही शिकवलं होतं. निवडणुकीचा वाद कोर्टात जाण्याआधी यादीतच हरता येतो, तो असा. तक्रार करायलासुद्धा आधी नाव लागतं.

कोर्टात गेलेल्या वादांत मला केरळमधल्या परूरचा खटला सगळ्यांत नेटका वाटतो. १९८२ च्या विधानसभा निवडणुकीत तिथल्या ५० केंद्रांवर मतदानयंत्रं पहिल्यांदा वापरली गेली. शिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. हरलेले ए. सी. जोस सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९८४ साली कोर्टानं निकाल दिला, तो यंत्र चांगलं की वाईट यावर दिलाच नाही. कायद्यात यंत्रानं मत घेण्याची तरतूद नाही, तेव्हा निवडणूक आयोगाला ती आपल्या मनानं आणता येणार नाही, एवढंच म्हटलं. त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान झालं आणि जोस निवडून आले. मग संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि यंत्रं रीतसर आली. चूक दाखवली, चुकीपुरतीच दुरुस्ती केली, आणि पुढच्यासाठी नियम लिहून ठेवला. घरातलं भांडणही असं मिटलं तर किती बरं!

पण वाद नेहमी असा मिटत नाही. रायबरेलीचा खटला आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत आहे. १९७१ साली इंदिरा गांधी तिथून एक लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. राजनारायण यांनी याचिका केली. मतपत्रिकांवर रसायन लावलं होतं, शिक्का आपोआप उमटत होता, असाही एक आरोप त्या काळी झाला. तो टिकला नाही. टिकले ते दोन साधे मुद्दे. सरकारी नोकरीत असताना यशपाल कपूर यांनी प्रचाराचं काम केलं, आणि सभांची व्यासपीठं, लाऊडस्पीकर यांची सोय सरकारी यंत्रणेनं केली. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवड रद्द केली. पंधरवड्यात आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये कायदा मागच्या तारखेपासून बदलला आणि पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती झाली. ७ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं घटनादुरुस्तीतलं ते कलम रद्द केलं, पण बदललेल्या कायद्याप्रमाणे निवड मात्र कायम ठेवली. शेवटचा निकाल १९७७ मध्ये रायबरेलीच्या मतदारांनीच दिला. त्यांनी राजनारायण यांना निवडून दिलं.

या दोन खटल्यांत फरक काय? परूरला जिंकलेल्यानं निकाल मानला. रायबरेलीला जिंकलेल्या पक्षाच्या हाती कायदाच होता, त्यांनी तो बदलला. हरलेल्यानं निकाल मानावा असं आपण नेहमी म्हणतो. खरी परीक्षा जिंकलेल्याची असते.

आणि उशीर? कायद्यात असं आहे की याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. आपल्या मुंबईतलं विलेपार्ल्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९८७ मध्ये तिथं पोटनिवडणूक झाली, डॉ. रमेश प्रभू जिंकले. धर्माच्या नावावर मतं मागितली, अशी याचिका काँग्रेसचे प्रभाकर कुंटे यांनी केली. १९८९ मध्ये मुंबई हायकोर्टानं निवड रद्द केली. सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं ११ डिसेंबर १९९५ ला. तोवर ती विधानसभा संपून पाच वर्षं झाली होती. याच प्रकरणातल्या भाषणांमुळे पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच ११ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं दादरच्या मनोहर जोशी यांची, हायकोर्टानं रद्द केलेली निवड मात्र वैध ठरवली. दोन्ही निकाल आजही वकील पुढे ठेवतात. कायद्याला त्यांचा उपयोग झाला. १९८७ साली पार्ल्यात ज्यांनी मत दिलं, त्यांना मात्र निकाल हातात आला तेव्हा बदलायला काही उरलं नव्हतं.

कधी कधी वाद मिटतो, पण तिसऱ्याच्या जिवावर. अमेरिकेत १८७६ साली टिल्डन यांना लोकांची जास्त मतं मिळाली, पण तीन दक्षिणी राज्यांचे निकाल वादात अडकले. पंधरा जणांचा आयोग नेमला. त्यानं प्रत्येक वेळी आठ विरुद्ध सात असा कौल दिला आणि हेज एका मतानं अध्यक्ष झाले. पाठोपाठ दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. दोन्ही पक्ष शांत झाले. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांचं संरक्षण मात्र गेलं, आणि त्यांचा मताचा हक्क पुढची कित्येक दशकं नावापुरता राहिला. त्यांना त्या आयोगात कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून वाद मिटला असं कुणी सांगितलं की मी आता विचारते, कुणाचा मिटला?

आता पुन्हा आमच्या बेळगावकडे येते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत चंदगड वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९५७ पासून कित्येक निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार इथून निवडून आले. त्यांच्या विजयावर कुणी याचिका करण्याचं कारण नव्हतं. मतं नीट पडली, नीट मोजली गेली. तरीही मतदारांनी जे मागितलं ते मतपेटीतून मिळणारं नव्हतंच, कारण आमदार निवडल्यानं राज्याची सीमा हलत नाही. १९६७ च्या महाजन आयोगानं निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडे राहावं, असं सुचवलं. महाराष्ट्रानं ते नाकारलं. २००४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला, तो अजून तिथंच आहे.

म्हणजे बाकीचे वाद कोण जिंकलं याचे होते, आमचा जिंकून काय मिळतं याचा. त्याला ४५ दिवसांची याचिका नाही. १९९६ ला ४५६ जणांनी फॉर्म भरले ते म्हणूनच. दिल्लीनं त्याची दखल घेतली, पण कशी? त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेचं डिपॉझिट पाचशेचं दहा हजार झालं, अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्याला ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिचीला तर हजाराच्या वर उमेदवार उभे होते. तेव्हा सरकारचीही अडचण खरी होती, हे मान्य करायला हवं. एका जागेला शेकडो नावं घेऊन निवडणूक चालत नाही. पण गर्दी का झाली हे विचारायच्या आधी दाराची उंबरठी तेवढी उंच झाली.

माझ्या मावसभावाचे पाचशे रुपये गेले. सासूबाईंचे भाऊ आणि तो त्या पावसाळ्यात बोलले नाहीत. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीच्या दिवशी दोघेही बस्तीत आले. मामांनी हात जोडले, "उत्तम क्षमा." तोही वाकला. मग मामा म्हणाले, "तुझं पटलं असं समजू नको हं." तो म्हणाला, "मीही परत उभा राहीन, दहा हजार जमले तर." दोघंही हसले आणि आमच्याकडे जेवायला आले.

आजेसासूबाईंनी वाढता वाढता विचारलं, "मग कोण जिंकलं म्हणायचं?"

मामंजी म्हणाले, "अजून मोजणी चालू आहे आक्का."

त्या नुसत्या हं म्हणाल्या आणि दोघांच्या ताटात एकेक पोळी वाढली.