विसार परत दिला म्हणून व्यवहार फिटत नाही

२०१२ साली मी आठवीत होतो. बापानं दोन खोल्यांचं घर ठरवलं. स्टॅम्पपेपरवर साठेखत झालं, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, विसार मोजून दिला. पंधरा दिवसांनी घरमालक आमच्या दारात आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाला, ‘गल्लीतली लोकं ऐकत नाहीत. तुमचे पैसे घ्या आणि या कागदावर सही करा.’ लोकं काय ऐकत नाहीत, हे त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. बापानं सौदा रद्द केल्याची सही केली, वर त्याचे आभार मानले. का तर पैसे बुडाले नाहीत.

आज मी सूतगिरणीत आहे. पाळी सुटली की वाचतो. वाचताना कळलं, बापाला जे कुणी सांगितलं नाही ते १८७७ पासून छापलेलं होतं.

त्या साली इंग्रज सरकारनं स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट केला. जमीन-घराचा करार मोडला तर पैशानं पुरती भरपाई होत नाही, असं हा कायदा धरून चालायचा. म्हणजे कोर्ट मालकाला सांगू शकत होतं, पैसे नकोत, घरच दे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानं एक गोष्ट साफ केली. नुसत्या साठेखतानं घर आपलं होत नाही, पण खरेदीखत मागायचा हक्क मिळतो. १९६३ च्या नव्या कायद्यानं हेच पुढं चालवलं, पण हुकूम द्यायचा की नाही हे बरंचसं जज्जाच्या मर्जीवर होतं. २०१८ च्या दुरुस्तीनं ती मर्जीही आवळली.

आता अमेरिकेतली एक गोष्ट. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरानं १९१४ साली नियम केला. ज्या गल्लीत गोऱ्यांची घरं जास्त, तिथं काळ्यानं राहायला यायचं नाही. विल्यम वॉर्ली हा तिथल्या काळ्यांच्या चळवळीचा पुढारी. त्यानं बुकॅनन नावाच्या गोऱ्याकडून प्लॉट घ्यायचा करार केला आणि त्यात एक अट घातली: तिथं राहायला कायद्यानं मुभा नसेल तर मी पैसे देणार नाही. मग नियमाकडं बोट दाखवून त्यानं पैसे अडवले. गोरा कोर्टात गेला, करार पाळायला लावा म्हणून. वाकडा नियम मोडायचा म्हणून दोघांनी मुद्दाम लावलेली ही केस. गोऱ्याच्या बाजूनं उभा राहिलेला वकील मूरफिल्ड स्टोरी, तो तर वॉर्लीच्याच संघटनेचा अध्यक्ष! ५ नोव्हेंबर १९१७ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं तो नियम रद्द केला. ही केस खालच्या कोर्टात चालू होती तेव्हा आपले बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते.

पण मित्रांनो, निकालाचं मूळ बघा. काळ्याला घर पाहिजे म्हणून कोर्ट हललं नाही. गोऱ्याचा विकायचा हक्क मारला जातो म्हणून हललं. वॉर्लीच्या लोकांनी हे आधीच ओळखलं होतं आणि त्याच कागदाचा पहार केला.

आपल्याकडं सही होण्याआधी मालक नाना कारणं काढून आपल्याला टाळतो. सही झाल्यावर मात्र कोर्ट कागद बघतं, गल्लीची नाराजी हे कारण तिथं चालत नाही. म्हणून साठेखत रजिस्टर करा. व्यवहाराची तारीख त्यात लिहून घ्या. विसार चेकनं द्या. मालक फिरला तर पैसे परत घेऊ नका, रद्दच्या कागदावर सही करू नका. बाकीची रक्कम द्यायला तयार आहोत, अशी वकिलाची नोटीस पाठवा. ही तयारी कोर्टात आपल्यालाच दाखवावी लागते. आणि ठरल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावा. तारीख लिहिलेली नसेल तर मालकानं नकार दिल्याचं कळलं तिथून तीन वर्षं.

बापाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हंजी म्या सही केली नसती तर?’ आमची तीन वर्षं केव्हाच सरली. तुमच्या वस्तीत कुणाची सरली नसतील, तर आजच त्याच्या घरी जा.