पाऊल मुरगळले की हाडास चीर पडली?

पायी वारीहून परतल्यावर पावलाची सूज अंगावर काढण्याची आपल्याकडे जणू रीतच आहे. ‘मुरगळले असेल’ असे म्हणून आंबेहळदीचा लेप लावला जातो, तेल चोळले जाते. पुष्कळदा ते मुरगळणेच असते. परंतु काही वेळा दुखणे अस्थिबंधांचे नसून हाडाचे असते, याकडे आम्ही भाविकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. एरवी फारसे न चालणाऱ्या व्यक्तीच्या पावलावर दररोज हजारो वेळा तोच भार पडतो, झीज भरून निघण्यास हाडाला अवधी मिळत नाही आणि त्यास केसासारखी बारीक चीर पडते. प्रशियाच्या सैन्यातील शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली संचलन करणाऱ्या सैनिकांच्या पावलांचे हेच दुखणे वर्णिले. त्याचे मूळ हाडात आहे, हे मात्र १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतरच उलगडले.

मुरगळण्यास एक निश्चित क्षण असतो. पाय खड्ड्यात गेला, कळ आली, घोट्याबाहेर सूज व काळेनिळेपणा आला, असे रुग्ण सांगू शकतो. चीर पडलेल्यास असा क्षण आठवत नाही. दुखणे हळूहळू वाढते, चालताना बळावते, बसल्यावर शमते. बोटाने चाचपल्यास हाडावर एकाच ठिकाणी नेमकी वेदना होते, बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या बोटामागील लांब हाडावर.

येथे एक मोठी फसगत होते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा दिसतच नाही. ‘फोटो चांगला आला’ म्हणून चालणे सुरू ठेवणे योग्य नव्हे. दुखणे कायम असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करून घ्यावा; एमआरआयमध्ये ती लवकर दिसते. घोट्यापुढील नौकाकृती हाड आणि करंगळीमागील लांब हाडाचे बूड येथील वेदना विशेष गांभीर्याने घ्यावी, कारण तेथील चीर सहजी सांधत नाही. रजोनिवृत्त भगिनी, ठिसूळ हाडांचे वृद्ध व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांनाही धोका अधिक.

मधुमेही भाविकांविषयी आम्हांस अधिक काळजी वाटते. संवेदना बोथट झाल्याने त्यांना वेदना अल्प जाणवते. पाऊल लाल, गरम व सुजलेले दिसल्यास त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.

साधी चीर सहसा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने व कडक तळाच्या पादत्राणाने सांधते. तोवर मालीश टाळावे, आणि अनवाणी प्रदक्षिणाही.