ऑरिक्स, अरबी : संवर्धनाचा इतिहास

अरबस्तानच्या वाळवंटातील पांढऱ्या रंगाचा, लांब व जवळजवळ सरळ शिंगांचा कुरंग. शास्त्रीय नाव ऑरिक्स ल्युकोरिक्स. पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकणारा हा प्राणी मोटारी व बंदुका यांपुढे मात्र टिकला नाही.

ही जाती नामशेष होण्याचा धोका ओळखून लंडनच्या फॉना प्रिझर्व्हेशन सोसायटीने १९६२ मध्ये पूर्व एडन संरक्षित प्रदेशात मोहीम पाठविली. मेजर इअन ग्रिमवुड यांच्या पथकाने पकडलेल्या चारांपैकी तीन ऑरिक्स वाचले. लंडन प्राणिसंग्रहालय, कुवेत व सौदी अरेबिया येथील प्राण्यांची भर पडून ॲरिझोनातील फीनिक्स प्राणिसंग्रहालयात नऊ ऑरिक्सांचा कळप तयार झाला. तेथील कोरडे हवामान त्यांना मानवले व वंशवृद्धी झाली.

ओमानमधील जिद्दत अल्-हरासीस पठारावरील अखेरचे रानटी ऑरिक्स १९७२ मध्ये मारले गेले. बंदिस्त कळपांतून आणलेले दहा प्राणी १९८२ मध्ये त्याच पठारावर सोडण्यात आले. हरासीस जमातीच्या लोकांनी त्यांची राखण केली व त्यांची संख्या चारशेवर गेली. परंतु १९९६ पासून जिवंत प्राणी विकण्यासाठी त्यांची चोरटी धरपकड सुरू झाली. तेथील अभयारण्य १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले होते. ओमानने त्याचे क्षेत्र ९०% घटविल्यावर २००७ मध्ये ते वगळण्यात आले. यादीतून वगळले गेलेले ते पहिलेच स्थळ होय.

सौदी अरेबियातील महाझत अस्-सैद या कुंपणबंद क्षेत्रात १९९० मध्ये सुरू झालेला प्रयोग अधिक टिकला. २०११ मध्ये ही जाती ‘संकटग्रस्त’ वर्गातून ‘असुरक्षित’ या कमी धोक्याच्या वर्गात आली. प्राणिसंग्रहालयांनी वंश राखला. मुक्त वास्तव्य मात्र भूमीच्या संरक्षणावरच अवलंबून आहे.