एक हजार वारांवरचा नेम

आज आम्ही तुम्हांला कोंबड्या पाळणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत. बाई इंग्लंडच्या, सरे परगण्यातल्या फ्रिमली गावच्या. नाव मार्जरी फॉस्टर. मैत्रिणीच्या जोडीनं त्या कुक्कुटपालन करायच्या. त्यांनी १९३० साली सैन्यातल्या नेमबाजांना मागं टाकलं आणि तिथल्या राजाच्या नावाचं बक्षीस जिंकलं.

बंदुकीशी आपलं काय काम, असं कुणी म्हणेल. पण माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून जोंधळ्यावरची पाखरं हाकलणाऱ्या बायांना नेम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आणि ही गोष्ट नुसती नेमाचीही नाही. मैदानात कुणाला उतरू दिलं जातं, त्याचीही आहे.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडमध्ये १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था निघाली. हेतू असा, की साध्या नागरिकांनीही नेमबाजी शिकावी आणि वेळ पडली तर देशाच्या उपयोगी पडावं. पुढच्याच वर्षी, २ जुलै १८६० रोजी, लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर पहिल्या स्पर्धा भरल्या. पहिला बार व्हिक्टोरिया राणीनं काढला. पण कसा? रायफल आधीच नेम धरून एका घोडीवर पक्की बसवली होती. चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीनं ती दोरी तेवढी ओढली. चारशे वारांवर गोळी जवळजवळ मधोमध लागली आणि टाळ्या पडल्या. राणीनं अडीचशे पौंडांचं बक्षीस ठेवलं. राणी गादीवर असेल तेव्हा ते राणीचं बक्षीस, राजा असेल तेव्हा राजाचं.

म्हणजे स्पर्धेचा पहिला बार बाईच्या हातचा, पण नेम दुसऱ्यानं धरलेला. बाईनं स्वतः नेम धरून ते बक्षीस घ्यायला पुढं ७० वर्षं लागली.

या स्पर्धा १८९० पासून सरे परगण्यातच, बिस्लेच्या मैदानावर होऊ लागल्या. असल्या मैदानाला आपल्याकडं चांदमारी म्हणतात. ही चांदमारी चालते कशी ते ऐका. नेमबाज जमिनीवर पालथा झोपतो. रायफलीचा पट्टा दंडाला आवळून घेतो, म्हणजे हात हलत नाही. दूरवर एका रांगेत मोठाली निशाणं उभी असतात. निशाणाखाली खंदक असतो आणि त्यात माणसं बसलेली असतात. बार झाला, की ती निशाण खाली ओढतात, गोळी लागली तिथं खूण लावतात आणि निशाण पुन्हा वर चढवतात. ती खूण बघून नेमबाज पुढचा नेम सुधारतो.

शेवटच्या फेरीला १०० नेमबाज उरतात. त्यांना ९०० आणि १००० वारांवरून नेम मारायचा असतो. हा वार म्हणजे आपल्या नऊवारीतलाच वार. एकशे अकरा नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून अंथरली, तर जवळजवळ हजार वार होतात. एवढ्या लांबून मधला काळा गोल डोळ्यांना ठिपक्याएवढा दिसतो. गोळीला तिथं पोचायला दीड-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात वारा तिला बाजूला नेतो. म्हणून मैदानात झेंडे लावलेले असतात. झेंडा किती फडफडतोय ते बघून हिशेब करायचा, तेवढं माप रायफलीवर फिरवायचं, श्वास आवरायचा आणि चाप हळूच दाबायचा. हिसका दिला, की नेम गेला. उफणताना वारा कुठून येतोय हे ओळखून सूप धरणाऱ्या बाईला यातली मेख लगेच कळेल. ताकदीपेक्षा इथं धीर आणि नजर जास्त लागते.

ग्वेर्नसे बेटावरच्या विनिफ्रेड लील या तरुणीनं १८९१ सालीच बिस्लेच्या स्पर्धेत भाग घेतला होता. पण सगळ्यांत मोठं बक्षीस बायकांच्या वाट्याला आलं नव्हतं. इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत देण्याचा हक्क मिळाला १९२८ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी मार्जरीबाईंनी ३०० पैकी २८० गुण मिळवले. दुसरे आले सैन्यातले एक लेफ्टनंट. फरक फक्त एका गुणाचा. रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात, तसं बाईंनाही मिरवलं. पंचम जॉर्ज राजानं अभिनंदन केलं.

त्या काळी ही स्पर्धा सैन्यातल्या .३०३ गोळीच्या रायफलीवर होई. ही रायफल आपल्याला नवी नाही. हीच ती थ्री नॉट थ्री. बंगालमध्ये ईशापूरच्या कारखान्यात ती बनत असे आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं पोलिसांच्या खांद्यावर ती दिसायची. आज ती म्हातारी झाली आहे. तरी लाकडी दस्त्याच्या, दुर्बीण नसलेल्या अशा जुन्या लष्करी रायफलींवर नेम मारायला हौशी माणसं बिस्लेला अजूनही जमतात.

पण या रायफलीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आम्हांला पुढं जाता येणार नाही. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच जातीच्या रायफलींतून. १६५० फैरी झाल्या. आणि मार्जरीबाईंचा सत्कार झाला त्या १९३० सालीच आपल्याकडं मिठाचा सत्याग्रह चालू होता. आपल्या बायका लाठ्या खात होत्या, तुरुंगात जात होत्या. इथं १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी होती. म्हणजे तिथं नागरिकांनी नेम शिकावा म्हणून राजाचं बक्षीस, आणि इथं त्याच राजाच्या राज्यात हत्यारबंदी. एका बाईची हिंमत मोठी म्हणून राज्याचा अन्याय लहान होत नाही. अन्याय होता म्हणून त्या बाईची हिंमतही खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आपण दोन्ही लक्षात ठेवायच्या.

आता एक आकडा मुद्दाम सांगतो. मार्जरीबाईंनंतर हे बक्षीस दुसऱ्या बाईनं जिंकलं ते २००० साली. त्यांचं नाव जोआना हॉसॅक. पहिल्या बारापासून पहिल्या बाईपर्यंत ७० वर्षं आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत पुन्हा ७० वर्षं.

आम्हांला वाटतं, या गोष्टीतलं शिकण्यासारखं इथंच आहे. एक बाई जिंकली, की लोक म्हणतात, झालं, आता बायकांना सगळं खुलं आहे. गावात एक बाई सरपंच झाली, की हेच ऐकू येतं. पण एकटीच्या जिंकण्यानं वाट रुळत नाही. मागून येणारीला सरावाला वेळ लागतो, पैसा लागतो, घरचं काम वाटून घेणारं माणूस लागतं. तेवढं मिळालं तर काय होतं, ते आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी दाखवलं. २०१० साली म्युनिकला पालथं झोपून ५० मीटरवर नेम मारण्याच्या स्पर्धेत त्या जगात पहिल्या आल्या. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला.

तेव्हा सख्यांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच बोला. आपल्या गावात ज्या कामात आजवर एकच बाई पुढं गेली, तिच्यामागून दुसरी का गेली नाही? तिला काय कमी पडलं? आणि त्यातलं आपल्या गटाच्या हातात काय आहे? पहिलीचा सत्कार जरूर करा, पण दुसरीचं नाव त्याच दिवशी ठरवा.